वैयक्तिक कारणास्तव

राजीनाम्याच्या अर्जात एक वाक्य ठरलेले असते: 'वैयक्तिक कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे.' त्याखाली आभार, इथे खूप शिकायला मिळाले वगैरे. हिंजवडीतली सॉफ्टवेअर कंपनी असो, तालुक्याच्या गावातली शाळा असो की पतसंस्था, मजकूर बदलत नाही. खरे कारण पुष्कळदा शेजारच्या केबिनमध्ये बसलेले असते आणि अर्ज नेमका त्याच्याच टेबलावर ठेवायचा असतो. अनुभवाचा दाखला त्याच्या सहीने मिळणार, नव्या कंपनीचे लोक चौकशीचा फोन त्यालाच करणार. तेव्हा हे खोटे कोणी लिहिले म्हणून त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. माझी तक्रार वेगळी आहे. साहेबाला जे सांगत नाही ते आपण स्वतःलाही सांगत नाही. डब्याच्या वेळी 'सोडायला पाहिजे यार' हे वर्षानुवर्षे म्हणत राहतो. पण नेमके काय नकोसे झाले आहे, माणूस, काम, पगार की आपल्यातच आलेला निबरपणा, याची वाटणी करत नाही. ती न करता घेतलेला निर्णय, राहण्याचा काय किंवा जाण्याचा काय, बहुधा एखाद्या वाईट दिवशी रागाच्या भरात होऊन जातो.

'लोक नोकरी सोडत नाहीत, साहेब सोडतात' हे वाक्य हल्ली व्यवस्थापनावरच्या प्रत्येक भाषणात ऐकू येते. ते गोड लागते, कारण त्यात आपली बाजू आपोआप खरी ठरते. म्हणून पहिली उलटतपासणी स्वतःची व्हावी. समजा उद्या सकाळी साहेब गेला आणि त्याच्या जागी समंजस, कामाची जाण असलेला माणूस आला, तर हेच काम पुढची पाच वर्षे करायला आवडेल का? उत्तर चटकन 'हो' आले तर प्रश्न खरोखर नेतृत्वाचा आहे. ते रेंगाळले तर साहेब निमित्तमात्र. नाचता येईनासे झाले की अंगण वाकडे दिसू लागते. अशा माणसाने नोकरी जरूर बदलावी, पण कामाचा प्रकारही बदलावा. नाहीतर सहा महिन्यांत नव्या ठिकाणचा साहेबही नालायक वाटू लागेल.

दुसरी गोष्ट, साहेब किती काळचा? सरकारी कचेरीत 'साहेब येतात नि जातात' हे नुसते म्हणणे नाही, ती तिथली व्यवस्थाच आहे. महाराष्ट्रात बदल्यांच्या विनियमनाचा २००५ सालचा कायदा आहे आणि त्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा धरला आहे. तो काटेकोर पाळला जातो असे कोणी म्हणणार नाही. तरी 'एवढी वर्षे काढली की सुटलो' हा हिशेब तिथे मांडता येतो आणि त्यात भित्रेपणा नाही. घरगुती मालकीच्या कारखान्यात तो चालत नाही. तिथे मालक जाऊन चिरंजीव येतात. म्हणून साहेबाकडे पाहण्याआधी त्याला तिथे बसवले कोणी आणि अलीकडे बढत्या कोणाला मिळाल्या ते पाहावे. जिथे चूक झाकणारा वर चढतो आणि चूक दाखवणारा 'टीम प्लेअर नाही' या शेऱ्याखाली अप्रेझलमध्ये अडकतो, तिथे साहेब बदलला तरी त्याच साच्यातला दुसरा येणार. वाईट साहेब हा अपघात असेल तर वाट पाहावी. तो त्या जागेचे पीक असेल, तर वाट कशाची पाहायची?

आरडाओरडा करणारा साहेब आपल्याकडे गरजेपेक्षा जास्त बदनाम आहे. अपमान करणे, चारचौघांत पाणउतारा करणे हे वाईटच. पण जो ओरडतो त्याच्या मनात काय आहे ते निदान कळते. मला जास्त धास्ती वाटते ती मृदुभाषी, निर्णय न घेणाऱ्या साहेबाची. तो आदेश तोंडी देतो. लेखी मागितले तर 'इतकाही विश्वास नाही का?' म्हणतो आणि काम अंगाशी आले की 'मी असं म्हणालोच नव्हतो' असे शांतपणे सांगतो. त्याच्या हाताखाली माणूस कामापेक्षा पुरावे गोळा करायला शिकतो. प्रत्येक मेलची प्रत चौघांना, प्रत्येक फोननंतर 'आपल्या बोलण्यानुसार' अशी ओळ, व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जपून ठेवलेले. ही तोंड दाबून बुक्क्यांच्या माराची नोकरी. तिची किंमत पगाराच्या पावतीवर कुठे दिसत नाही. ती दिसते दहा वर्षांनी, जेव्हा 'तुम्हाला काय येतं?' या प्रश्नावर 'काही अंगावर येऊ न देणं' यापलीकडे सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचे सर्वांत चांगले उदाहरण एकाच माणसाच्या नोकरीत सापडते. रामशास्त्री प्रभुणे, पेशव्यांचे न्यायाधीश. शाळेच्या धड्यांनी आणि प्रभातच्या १९४४ सालच्या चित्रपटाने त्यांची एक गोष्ट घरोघरी पोचवली. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चौकशीअंती शास्त्रीबोवांनी रघुनाथरावांना, म्हणजे राघोबादादांना, तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि तुमच्या राज्यात पुण्यात राहणार नाही म्हणून ते वाईकडच्या एका खेड्यात निघून गेले. हा धडा आपण बाणेदारपणाचा म्हणून पाठ करतो. पण तसा वाचला की त्यातला विवेक निसटतो. कारण याच माणसाने त्यापूर्वीही एकदा निघून जाण्याची भाषा केली होती, आणि तेव्हा ते गेले नव्हते.

तो प्रसंग थोरल्या माधवरावांच्या वेळचा. ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात तो नोंदवला आहे. तरुण पेशवे जपध्यानात गढून गेले होते आणि कामासाठी आलेल्या शास्त्रीबोवांना तसेच परतावे लागले. दुसऱ्या दिवशी ते काशीला जाण्याची परवानगी मागायला हजर. म्हणणे असे, की ब्राह्मणधर्मच पाळायचा तर गादी सोडा, मीही तुमच्याबरोबर गंगाकाठी येतो. गादीवर राहायचे तर रयतेचे काम हाच तुमचा धर्म. माधवरावांनी ऐकले, आपला क्रम बदलला आणि शास्त्रीबोवा राहिले.

दोन्ही प्रसंग शेजारी ठेवले की कळते, निर्णय धन्याच्या अपराधाच्या वजनावर फिरला नव्हता. म्हणजे वजन होतेच. खून आणि कामातली हयगय यांची बरोबरी कोण करील? पण निकष दुसरा होता. माधवरावांपुढे राजीनाम्याची भाषा हे बोलणे होते, आणि ते ऐकणारा माणूस समोर होता. राघोबादादांपुढे बोलून झाले होते, निवाडा सांगून झाला होता आणि ऐकणाऱ्याने कान बंद केले होते. त्यानंतर शास्त्रीबोवा पुण्यात नुसते बसून राहिले असते तरी तो राघोबांच्या राज्याला मिळालेला दाखला झाला असता. न्यायाधीश जागेवर आहे म्हणजे न्याय चालू आहे, असेच लोकांनी धरले असते.

माझे सगळे म्हणणे या फरकात आहे. साहेब किती वाईट, यावरून नोकरी सोडू नये आणि तो किती चांगला, यावरून धरूनही बसू नये. आपले 'नाही' तिथे ऐकले जाते का, ते पाहावे. मानले जाते का, असे मी म्हणत नाही. प्रत्येक वेळी आपलेच मानले जावे ही अपेक्षा बालिश आहे. ऐकले जाते का, म्हणजे त्यावर कोणी उत्तर देते का, कधीतरी एखादा निर्णय त्यामुळे बदललेला दिसतो का, आणि बोलल्याची शिक्षा होते का. आणि ते ऐकले जात नसेल, तर आपले तिथे असणे कोणाच्या उपयोगी पडते आहे? कामाच्या, की त्या कामाचा देखावा करणाऱ्याच्या?

इथे एक फसवी जागा आहे आणि भली भली माणसे तिच्यात अडकतात. 'मी आहे म्हणून थोडं तरी सावरलं जातं.' अमेरिकेत लिंडन जॉन्सन यांच्या कारकिर्दीत व्हिएतनाम युद्धाबद्दल मनात शंका असलेले बरेच अधिकारी आत होते. त्यांना बैठकीत विरोध मांडायची मुभा होती. विरोध मांडला की मांडणाऱ्याचे मन हलके होई, ऐकणाऱ्यांना आपण उदारमतवादी असल्याचे समाधान मिळे आणि युद्ध होते तसे पुढे चालू राही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने हे फार नेमके टिपले आहे. आपल्या कचेऱ्यांतही असा एक परवानाधारक टीकाकार असतोच. 'आमचे काका बोलतात हं स्पष्ट!' असे साहेबच कौतुकाने पाहुण्यांना सांगतो. काकांच्या बोलण्याने आजवर एक कागद हललेला नसतो.

हर्शमन बर्लिनचा ज्यू. १९३३ साली हिटलर सत्तेवर आल्यावर त्याने जर्मनी सोडली. १९४० साली मार्सेयमध्ये व्हेरियन फ्रायच्या हाताखाली निर्वासितांना फ्रान्सबाहेर काढण्याचे चोरटे काम केले. सोडून जाणे म्हणजे काय, हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. त्याच माणसाने १९७० साली 'एक्झिट, व्हॉइस अँड लॉयल्टी' या छोट्या पुस्तकात निघून जाण्याची दुसरी बाजू दाखवली. नायजेरियातली रेल्वे रखडत होती आणि ट्रकवाल्यांची स्पर्धा असूनही सुधारत नव्हती. स्पर्धा आली की कारभार सुधारतो, हा अर्थशास्त्राचा पाठ तिथे उलटा पडला. कारण ज्यांना चांगली सेवा हवी होती आणि ज्यांनी आरडाओरडा केला असता, तेच गिऱ्हाईक आधी ट्रककडे गेले. उरले ते निमूट.

हे वाचताना आपल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा आठवल्याशिवाय राहत नाहीत. शिक्षकाला जाब विचारू शकणाऱ्या, नगरसेवकाच्या दारात जाऊन बसू शकणाऱ्या पालकांनी मुले काढून घेतली. शाळांवरचा धाक त्यांच्याबरोबर गेला. नोकरीतही तसेच. चांगली माणसे निघून गेली की वाईट नेत्याला धडा मिळतो, हा जाणाऱ्यांचा आवडता समज खोटा आहे. बऱ्याचदा त्याला हायसे वाटते.

मग काय, संस्था वाचवण्यासाठी आपण जळत राहायचे? मला तसे वाटत नाही. जाहिरात कंपनीचा दर्जा घसरला तर ते मालकाचे दुखणे आहे. त्यासाठी कोणी रक्तदाब वाढवून घेऊ नये. पण गावातल्या एकुलत्या एक शाळेतली गणिताची बाई, ग्रामीण रुग्णालयातला भूलतज्ज्ञ, सहकारी बँकेत कर्जाची फाइल अडवणारा अधिकारी यांचे जाणे निराळे. त्यांच्या मागे जी पोकळी पडते तिची किंमत साहेब देत नाही, तिसराच कोणी देतो. अशा जागी बसलेल्याने सोडण्याआधी जास्त वेळ घ्यावा, जास्त वेळा बोलावे. जन्मभर घ्यावा असे नाही.

किती वेळ? याचे उत्तर मला बाबासाहेब आंबेडकरांच्या १९५१ सालच्या राजीनाम्यात दिसते. २७ सप्टेंबरला त्यांनी कायदामंत्रिपद सोडले. आपल्या निवेदनात त्यांनी सांगितले, की सोडण्याचा विचार फार आधीपासून मनात होता. थांबलो ते हिंदू संहिता विधेयक या संसदेच्या मुदतीत पार पडेल या आशेने. मंत्रिमंडळाच्या महत्त्वाच्या समित्यांवर आपल्याला घेतले नाही, अनुसूचित जातींची उपेक्षा झाली, परराष्ट्र धोरण पटत नव्हते, हे सारे त्या निवेदनात आहे. तरीही ते थांबले होते, एका कामासाठी. विधेयकाची जेमतेम चार कलमे मंजूर होऊन बाकीचे बासनात गेले, तेव्हा थांबण्याचे कारणच उरले नाही.

राहायचे तर असे राहावे. कशासाठी राहतो आहोत ते एका वाक्यात सांगता यावे, आणि ते काम फसले हे कशावरून ओळखायचे तेही आधीच ठरलेले असावे. 'बघू, मार्चनंतर' याला राहणे म्हणत नाहीत. मार्च दर वर्षी येतो.

आता पैशाचे. ग्रँट डफ लिहितो की रामशास्त्र्यांच्या घरात त्या दिवसाला पुरेल त्याहून जास्त काही ठेवलेले नसे. हे साधेपणाचे उदाहरण म्हणून सांगतात. मला त्यात स्वातंत्र्याचा जमाखर्च दिसतो. ज्याच्या गरजा एवढ्याच, त्याला अडवणार कोण? आपल्यामागे गृहकर्जाचा हप्ता, मुलांची फी आणि आईवडिलांचा कंपनीच्या मेडिक्लेममधला विमा आहे. आपल्याला तीच मोकळीक हवी असेल तर उलटे करावे लागेल, घरात निदान सहा महिन्यांचा दाणागोटा लागेल. विम्याचे तर आधीच पाहावे. नोकरी सुटली की कंपनीचे संरक्षण संपते आणि नव्या वैयक्तिक पॉलिसीत जुन्या आजारांसाठी थांबावे लागू शकते. मधुमेही वडिलांच्या बाबतीत हे साहेबाच्या स्वभावापेक्षा महत्त्वाचे आहे. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ साली आला, आणि कायम नोकरदाराला सलग पाच वर्षांची अट तेव्हापासून आजपर्यंत आहे. हिशेब सोपा: शेवटच्या महिन्याचा मूळ पगार व महागाई भत्ता, गुणिले पंधरा, भागिले सव्वीस, गुणिले नोकरीची वर्षे. ती रक्कम ४० हजार असेल तर पाच वर्षांचे सुमारे १ लाख १५ हजार होतात. पाच वर्षे पुरी व्हायला तीन महिने असताना रागाने अर्ज टाकणाऱ्याने हा आकडा एकदा कागदावर मांडून पाहावा. उलट, भविष्यनिर्वाह निधी बुडेल या भीतीने अडकून बसलेलेही भेटतात; तो यूएएनमार्फत नव्या खात्यात नेता येतो, नोकरी सोडली म्हणून बुडत नाही.

पण या हिशेबाचा खरा फायदा जाणाऱ्यापेक्षा राहणाऱ्याला होतो, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. हर्शमनचेच म्हणणे आहे की निघून जाण्याची शक्यता मागे उभी असली की बोलण्याला धार येते. काशीची वाट खरोखर मोकळी होती म्हणून माधवरावांनी ऐकले. ज्याच्यापाशी सहा महिन्यांचा खर्च आहे, ज्याने दोन ठिकाणी मुलाखती देऊन बाजारात आपली किंमत काय ते पाहिले आहे, तो बैठकीत 'या तारखेला हे काम होणार नाही' असे शांत आवाजात म्हणू शकतो. ज्याच्यापाशी काहीच नाही तो एकतर गप्प बसतो किंवा एक दिवस फुटतो. म्हणून सोडायचे नसले तरी बायोडेटा अद्ययावत ठेवणे आणि मुलाखती देणे यात बेइमानी नाही.

आणि जायचे ठरले, तर बोलून जावे का? चिंतामणराव देशमुखांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले ते मुंबई महाराष्ट्रात असावी की नाही या प्रश्नावर. जुलै महिन्यात लोकसभेत उभे राहून त्यांनी कारण सांगितले, आणि मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर चर्चा न होता जाहीर झाला हा आक्षेप पंतप्रधानांच्या समोर मांडला. बाबासाहेबांकडे उपाध्यक्षांनी निवेदनाची प्रत आधी मागितली, तेव्हा ते सभागृहाबाहेर पडले आणि ते निवेदन त्यांनी वृत्तपत्रांना दिले. ही मोठ्या माणसांची मोठी उदाहरणे. बत्तीस वर्षांच्या टेस्टिंग इंजिनियरने एचआरच्या शेवटच्या मुलाखतीत तसे भाषण ठोकले तर त्याच्याच फाइलवर शेरा पडतो, बाकी काही होत नाही. अर्जात 'वैयक्तिक कारणास्तव' लिहायला माझी हरकत नाही. मात्र त्या इमारतीत ऐकू शकणारा एक तरी माणूस असतो: साहेबाचा साहेब, जुने हिशेबनीस, संस्थेचे एखादे विश्वस्त. त्याच्याशी चहावर, नावे-तारखांसह, रागाशिवाय एकदा बोलावे. माणसावर शेरे मारण्यापेक्षा घडलेले सांगावे. 'ते हुकूमशहा आहेत' याने काही होत नाही. 'अमुक महिन्यात तपासणी न करता सही करायला सांगितली' याचे कदाचित होते.

आणि ही सही मागितली गेली, तर आतापर्यंतचे सगळे हिशेब बाजूला. खोट्या तपासणीवर, खोट्या हजेरीवर, खोट्या ताळेबंदावर सही मागितली जाते तेव्हा ग्रॅच्युइटीचे तीन महिने मोजत बसू नये. साहेब उद्या बदलून जाईल. सही तुमची राहील.

एक माणूस या सगळ्या चर्चेत नेहमी सुटतो: ज्याच्या वर वाईट साहेब आहे आणि हाताखाली चारपाच जण आहेत. तो स्वतःला पीडित समजतो, आणि असतोही. पण वरून आलेली ओरड तो खाली कशी पोचवतो? रात्री अकराला आलेला मेसेज तसाच्या तसा पुढे ढकलतो का? हाताखालच्यांच्या लेखी तो साहेबच आहे, आणि त्यांच्या डब्याच्या वेळच्या गप्पांत 'सोडायला पाहिजे' हे कदाचित त्याच्यामुळे म्हटले जाते. त्याने राजीनामा दिला की तो सुटतो. खालचे चौघे मात्र थेट त्या साहेबाच्या तोंडी पडतात. म्हणून त्याने थांबावेच असे नाही. पण नोटिशीच्या काळात, तीन महिन्यांचा असो की एकाच महिन्याचा, अप्रेझलच्या फॉर्मवर कोणी काय काम केले ते नावानिशी लिहून ठेवणे, एखाद्याची बदली दुसऱ्या विभागात मार्गी लावणे, नव्या मुलीला सांगणे की या साहेबाकडून प्रत्येक गोष्ट लेखी घे, एवढे त्याच्या हातात असते. नोटिशीचा काळ बहुतेक जण रजा संपवण्यात आणि पार्टीची तारीख ठरवण्यात घालवतात.